ओल्या गिलाव्यावरचा पंजा

अक्का,

हे तुला धाडणार न्हाय, म्हणून खरं लिहिते. तुझा वडगावचा बंगला कंत्राटदारानं बांधला. माझ्या नव्या स्वयंपाकघराच्या भिंतीला गिलावा मी स्वतः केलाय. दर रविवारी गवंड्याच्या हाताखाली शिकले, तळहाताला फोड आले. तू बघायला आलीस. भिंत ओली हाय म्हणून ओरडले, तरी हात टेकलासच.

काल आई आली. भिंतीबद्दल एक शब्द न्हाय. त्या ठशावरनं बोटं फिरवत म्हणाली, "माझ्या शिवलीलाचा हात उमटलाय की गं! ऱ्हाऊ दे असाच."

ती गेल्यावर मी पुट्टी कालवली. थापायच्या आधी माझा पंजा त्या ठशात ठेवून बघितला. तिथंबी तुझाच मोठा.

मग पुट्टी दुप्पट जाड थापली.

तुझी धाकटी,
विद्याश्री