तुझ्या तळपायांची मेंदी

सात रस्ता, सोलापूर
वैशाख

प्रिय अक्का,

काल दुपारी तू प्रयोगशाळेत आलीस. मी खुर्चीतच पेंगले होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि तू दाराशी चपला काढून आत आलीस. चपला राहू दे गं, इथं सगळे पायताणं घालूनच फिरतात, असं मी म्हणणार होते. तोवर तू माझ्या टेबलाशेजारी फरशीवर बसलीही होतीस. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. तुझी बोटं चालू होती, पण एकही विडी पुरी होत नव्हती आणि तुला त्याचं काहीच वाटत नव्हतं. वर बघून तू विचारलंस, "विजे, झालं का गं लिवून?"

डोळे उघडले तेव्हा समोरचा कागद तसाच कोरा होता.

त्या कागदासाठीच हे पत्र. आमच्या संशोधनात कुणाची नोंद बदलायची असली की एक अर्ज भरावा लागतो. 'बदलाचे कारण' असं छापलेलं असतं आणि पुढे एकच ओळ. मला तुझी नोंद बदलायची आहे. तीन दिवस मी त्या ओळीपुढे पेन धरून बसते आणि उठते. तुझं कारण एका ओळीत कसं मावणार, अक्का? म्हणून आधी तुलाच लिहावं म्हटलं. तू वाचणार नाहीस हे ठाऊक आहे. होतीस तेव्हा तरी माझी पत्रं कुठं वाचायचीस! तुझ्या लेकीकडून, पूजाकडून वाचून घ्यायचीस आणि वर माझ्या अक्षराला नावं ठेवायचीस.

आईचे पाय आठवतात का गं तुला? उन्हं तापली की ती घमेल्यात पाय सोडून बसायची. पाणी कोमट झालं की बदलायची. तळपाय असे लाल व्हायचे की हात लावायची भीती वाटे. अंगात उष्णता आहे, म्हणायचे सगळे. तिनं सब्जा प्यायला, काशाच्या वाटीनं तळपाय घासून घेतले, मेंदी थापली. तिला बरं असं कधी वाटलंच नाही.

मला बाराव्या वर्षी तीच आग सुरू झाली. आई तोवर गेली होती. तू तुझा पदर भिजवून माझ्या पायांना गुंडाळायचीस आणि तशीच विड्या वळत बसायचीस. माझी शाळा चुकू नये म्हणून तुझी कधीच सुटली होती. पण तुझे पाय मात्र गार! "आईला हुतं, तुला हाय, मी सुटले की," असं तू हसत म्हणायचीस. मला तुझा हेवा वाटायचा, अक्का. खरंच वाटायचा.

पुढे मी डॉक्टर झाले आणि हेच काम धरलं. काही घरांत दुखणं पिढ्यान्‌पिढ्या का उतरतं, रक्तात त्याची कुठली खूण असते, हे शोधायचं. लोकांना वाटलं, केवढी मोठी विद्या. मला फक्त आईच्या पायांना काय झालं होतं ते हवं होतं.

चार वर्षांपूर्वी मी कुंभारीला तुझ्या ओट्यावर येऊन बसले तो दिवस मी हल्ली पुन्हा पुन्हा बघते. कधी जागेपणी, कधी झोपेत. सकाळचे नऊ. तुझ्या घरांच्या ओळीतल्या सात-आठ बायका सुपं घेऊन जमलेल्या. मी कौतुकानं समजावत होते, की आम्ही असं दुखणं शोधतोय जे आईकडून लेकीकडे जातं. किती सोपं करून सांगितलं आपण, असं मला वाटत होतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. ओट्याच्या टोकाला पूजा गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

मग एकेकीला प्रश्न. पायांची आग होते? न्हाय. दुपारी पाय पाण्यात घालावेसे वाटतात? न्हाय बाई. तुझी पाळी आली तेव्हा मी तुझे तळपाय बघितले. नियमच आहे तसा, लाली आहे का ते बघायचं. तुझ्या तळपायांवर टाचेपासून बोटांपर्यंत गच्च मेंदी होती.

"हे काय गं? आता कशाला मेंदी?"

"पूजाला बघाया पाव्हणं येनार हाईत परवा. आईनं नटू नये व्हय?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. आणि तुझ्या नावापुढे माझ्या हातानं लिहिलं, 'वेदना: नाही'. तू रक्त दिलंस, सुईकडे न बघता. मग चहा केलास.

इतकी शिकलेली मी! आईच्या तळपायांवरची मेंदी बघत मोठी झालेली मी! मला कळू नये?

तुला मी हे कधी नीट सांगितलं नाही, आता सांगते. आपल्या नसांच्या टोकांना बारीक बारीक दारं असतात. दुखण्याची खबर तिथून आत जाते आणि दार मिटतं. आपल्या घरात, जनुकातल्या एका अक्षराच्या फरकानं, ते दार वेळेवर मिटत नाही. जरा ऊन लागलं की नुसती खबरच खबर. हा फरक माझ्या रक्तात पहिल्यांदा दिसला तेव्हा मी नाचायचीच बाकी होते.

मग तुझं रक्त तपासलं. तुझ्यातही तोच फरक निघाला.

दोघी सख्ख्या बहिणी, दोघींत तेच अक्षर बदललेलं, आणि एकीचे पाय जळतात, दुसरीचे नाहीत. मग ते अक्षर दुखण्याचं कारण कसं असेल? आमचे सर म्हणाले, "विजया, हे नव्हे. दुसरं शोधू." मला तुझ्या शब्दाची शंका घ्यावीशी सुद्धा वाटली नाही. आम्ही दुसरं शोधत बसलो. तीन वर्षं, अक्का! तुझ्या एका 'न्हाय'वर मी तीन वर्षं भलत्याच गल्ल्यांत फिरले.

कार्तिकात तुझ्या छातीत कळ आली आणि तू दवाखान्याच्या वाटेवरच गेलीस. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मी मोरीपाशी भांडी विसळत होते. पूजा आली, कोपऱ्यातलं निळं घमेलं उचललं, आणि ते पोटाशी धरून रडायला लागली.

"मावशी, हे आईचं. रोज दुपारी पाय घालून बसायची. माझ्या जन्मानंतर सुरू झालंय म्हणत होती."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"आधी म्हणायची, विजीच्या डोक्याला ताप नको. मग माझं लग्न निघालं. खानदानी दुखणं हाय म्हणलं तर पोरीला कोण करंल, म्हणायची. मला शप्पथ घातली हुती तिनं. तू येणार असं कळलं की घमेलं न्हाणीत आणि पायांना मेंदी."

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. हातातलं पातेलं कुणी घेतलं ते आठवत नाही.

राग आला तुझा. आजही येतो. माझ्या पायांना पदर गुंडाळणारी तू, आणि तुझ्या पायांना हात लावायचा हक्क मला नाही? कोण समजलीस गं मला? सोलापुरातली डॉक्टरीणबाई?

मग माझाच राग येतो. मी तुझ्याकडे नेहमी सकाळी यायचे आणि अकराच्या आत निघायचे. ऊन चढलं की मला तिथं पत्र्याखाली बसवत नाही म्हणून. इतक्या वर्षांत तुझ्या घरी मी एक दुपार काढली नाही. काढली असती तर मेंदीनं काय लपलं असतं?

माघात मी मुद्दाम एका दुपारी तुझ्या शेजारच्या रंगूबाईकडे जाऊन बसले. तिनं आधी पाणी दिलं, मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुमीच सांगितलं की ओट्यावर, आईचं लेकीला जातंय म्हून. मंग कोन व्हय म्हनंल? आमच्या बी पोरी लगनाच्या हुत्या." बोलता बोलता तिनं स्वतःचे पाय पदराखाली ओढून घेतले. म्हणजे त्या सकाळची ती सगळी 'न्हाय' मीच पेरून आले होते. पुन्हा घरोघर जायला लागणार आहे, आणि या वेळी आधी पोरींशी बोलायला लागणार आहे.

अजून एक सांगायचंय, आणि तेच सांगवत नाही. या बिघाडावर काही जणांना लागू पडतं असं एक औषध आहे, जुनंच. कारण पक्कं कळलं म्हणून आता मला ते सुरू करता आलं. सगळी आग जात नाही. पण परवा मी संध्याकाळी चपला घालून बाजारापर्यंत चालत गेले, आंबे घेतले आणि चालत परत आले. वाटेत कुठं थांबावं लागलं नाही. घरी येऊन मी इतकी रडले की आंबे तसेच राहिले. तुला हे तीन वर्षं आधी मिळालं असतं. कदाचित तुलाही लागू पडलं असतं, कदाचित नसतं. तो कदाचित आता माझ्याजवळ राहणार.

तुझ्या रक्ताच्या नळ्या अजून आमच्याकडे आहेत. एका मोठ्या शीतकपाटात, बर्फाहून कितीतरी गार. मी अधूनमधून उगाच त्याचं दार उघडते. पांढरी वाफ बाहेर येते, पायांवरून फरशीवर पसरते, आणि क्षणभर वाटतं की तू त्या वाफेतून अनवाणी चालत येशील, विचारशील, "हितं किती बरं वाटतंय गं, कुटं हाय हे?" सांगेन, इथंच आहे अक्का, सोलापुरातच. मग घंटा वाजायला लागते, दार लावा म्हणून, आणि मी लावते.

तर तो अर्ज. सर म्हणाले, मयत व्यक्तीनं स्वतः 'नाही' सांगितलंय, ते आपण कशाच्या जोरावर बदलायचं? घरातल्या कुणी तरी लेखी द्यायला पाहिजे. ते पूजाच देऊ शकत होती. पण आता ती सासरी. तिनं सही केली की तुझं दुखणं कागदावर येणार, आणि त्यापाठोपाठ तिचंही नाव. ज्याच्यासाठी तू एवढं सोसलंस तेच मी तिच्याकडे मागायचं? मला फोन उचलवेना. शेवटी तिलाच कुठून तरी कळलं आणि सोमवारी ती आली. बरोबर तुझे जावई.

सचिनला बघून मी अर्ज वहीखाली सरकवला. मी आडून आडून बोलायला लागले, की घरगुती काम आहे, तुम्ही बाहेर बसता का जरा. तो म्हणाला, "मावशी, मला म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"आईंच्या पायांचं. हिला बघायला आलो त्याच दिवशी हिनं सांगितलं. मागल्या दारी धा मिनिटं बोलायला सोडलं हुतं आमाला. म्हणली, आईला असं हाय, मला बी हुईल एखाद वेळी. मी म्हणलं, माझ्या आईला साखर हाय, तुला चालंल का?"

पूजा खाली बघत होती. "मी शप्पथ मोडली, मावशी. पण आईला कळू दिलं न्हाय. तिला वाटायचं, लपलंय."

मी सचिनला म्हटलं, अक्का तुमच्यावर रुसलेली असायची, जावई दुपारचा जेवायला म्हणून कधी येत नाही, आमचं घर पत्र्याचं म्हणून येत नसेल. तो मग म्हणाला, "दुपारी आलो असतो तर त्यांना पाय पाण्यातनं काढायला लागले असते. म्हणून येत नव्हतो."

कळलं का, अक्का? ज्याच्यापासून तू लपवत होतीस तो दोन वर्षं तुझी दुपार राखत होता. तू इथं आग गिळत होतीस, तो तिकडं तुझं रुसणं. एकदा, फक्त एकदा तू म्हणाली असतीस, "व्हय, दुखतंय," तर काय बिघडलं असतं गं? कुणाचं काय बिघडलं असतं?

पूजानं सही केली. मग बाही वर करून म्हणाली, "आता माझं बी रक्त घे." मी घेतलं. तिला अजून काही त्रास नाही असं ती सांगते. मी तिचे तळपाय बघितले, दोन्ही, खिडकीपाशी नेऊन.

निकाल यायला वेळ आहे. तो येईल त्या दिवशी मी तिच्या घरी जाईन, भर दुपारी, आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसेन. फोनवर सांगणार नाही. वाईट असला तर चांगला करून सांगणार नाही. आणि पुढे कधी दुखायला लागलं तर ते माझ्यासाठी, नवऱ्यासाठी, पोटच्या पोरीसाठी, कुणासाठीही तिला लपवू देणार नाही. हे माझं तुला वचन. रागावलीस तरी चालेल.

हे सगळं लिहून झालं आणि तुझ्या नावापुढचं 'नाही' मी खोडलं. तिथं 'होय' लिहिलं, कारणाच्या ओळीत 'मुलीची लेखी साक्ष' एवढंच, खाली सही केली. अक्षर चांगलं आलं.

तुझ्या पाठची,
विजी