ओरेस्टच्या धुरकट चष्म्याबाबत

बेल्स क्रॉसिंग, सस्कॅचेवान
जानेवारी, बहुधा गुरुवार

प्रिय इरेनाताईस,

धाकट्या भावाचा, दानिलोचा, हातमोज्यासकट नमस्कार. तिकडे खाणीवर तुझी तब्येत बरी असावी. इकडे तुझा ओरेस्ट बरा आहे, मीही बरा आहे. तू करून ठेवलेल्या पिरोगी संपल्या (तशा त्या पहिल्याच आठवड्यात संपल्या).

आता हॉकीचं. पोरगं चष्म्याशिवाय बर्फावर उतरता कामा नये, असं तू जाताना बजावलंस. त्यामुळे तो हेल्मेटच्या जाळीमागे चष्मा लावून खेळतो. मला तिथे खेळाडूंच्या बाकाचं दार उघडायचं काम दिलंय (मागच्या हिवाळ्यात मी अल्बर्टात घोडे राखत होतो, त्यातली एक घोडी फक्त चष्मेवाल्यांना चावायची, पण ते राहू दे). नऊ वर्षांच्या पोरांना मिनिटभर खेळवून बाकावर बोलावतात आणि दुसरी पाठवतात. सगळ्यांना सारखा वेळ, यात इथे कुणी तडजोड करत नाही. पण बाकावर हीटर आहे. गार काच उबेत आली की धुरकटते, जाळीमुळे पुसता येत नाही, आणि बर्फावर जाऊन जरा निवळते तोवर परत यायची वेळ होते. मागच्या शनिवारी त्याने एक सुंदर पास दिला. पंचांना.

म्हणून मी डोकं लढवलं. ओरेस्ट दाराशी आला की दार उघडायचंच नाही. तो बिचारा वळून पुन्हा खेळायला जायचा. नऊ मिनिटं हे चाललं, त्यात त्याने एक गोलही केला. मग वरून, पोरांचा वेळ मोजणाऱ्या हालुश्काबाई उतरल्या, गळ्यात स्टॉपवॉच. "काय रे दान्या, दार गोठलंय की तू?" मी म्हटलं, दार.

क्लबची समिती बसली. अध्यक्ष ओरेस्टला म्हणाले, "दिसत नाही तर काढून ठेव ना, बाळा." तो म्हणाला, "काढला तरी दिसत नाही, काका. घातला की निदान समोरचा जपून धडकतो." मग ठरलं, महिनाअखेरच्या स्पर्धेआधी पट्ट्याचा, न धुरकटणारा चष्मा आणा, नाहीतर पोरगं प्रेक्षकांत बसेल. तेव्हापासून तो स्केट घालूनच जेवायला बसतो.

तुझा,
दानिलो

ता. क. चष्मेवाला नंबराशिवाय काच करत नाही, आणि नंबराचा कागद तुझ्याकडे आहे. उलट टपाली पाठव. फोन नको, फोनवर तू ओरडतेस.

आणखी एक. जुना चष्मा दाखवला की त्यावरून नंबर काढून देतात, असं तू म्हणशील. म्हणून सांगतो, धुरकटण्याचा प्रश्न तसा मंगळवारीच मिटला. चष्मा ट्रकच्या सीटवर होता. मग मी बसलो.