लाल दोऱ्याची बाटली

बाबा,

पाण्याचा नमुना घेण्याआधी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, हे मला बाराखडीच्याही आधी आलं असावं. आज तुम्हाला पुष्कळ काही विचारायचं आहे, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झालीत की आता उत्तराची भीतीही उरलेली नाही.

कोराडीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. आईनं वीज केंद्राच्या चिमणीतून ओट्यावर आलेली राख सकाळपासून दुसऱ्यांदा पुसली आहे, नळाला गढूळ पाणी आलं म्हणून शेजारणी तुमच्याच नावानं ओरडून गेल्या आहेत, जणू पाणी तुम्हीच ढवळलंत. तुम्ही वीज केंद्राच्या लॅबमधून दोन बाटल्या घेऊन आलात आणि एक माझ्या हाती दिलीत. मी ती एकदाच विसळून भरायला लागले. "काहून वं, एकदाच? आत कालचं पाणी हाय का आजचं, तुले कसं समजन?" तुम्ही हसत होतात, पण भरलेली बाटली ओतायला लावलीत. मी दुसऱ्या बाटलीला हात घातला तेव्हा मात्र हसला नाहीत. तिच्या गळ्याला लाल दोरा होता आणि तळाशी ॲसिडचे थेंब. "हे धुवाची नाही. पाण्यातले धातू मोजाले हाय हे. ॲसिड धुतलं का धातू बाटलीलेच चिकटून राहते, अन् खराब पाणी चांगलं दिसते."

खराब पाणी चांगलं कसं दिसेल, या एका प्रश्नापायी मी आधी केमिस्ट्री शिकले आणि मग वकिली. सरकारच्या प्रदूषण खात्यात लागले तेव्हा तुम्ही सीताबर्डीहून काळा कोट आणलात, दोन मापं मोठा. "वाढशीन" म्हणालात. पंचविशीनंतर वकील वाढतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? तो घालून मी बारा वर्षं कारखान्यांच्या मागे लागले. पण त्यांचे वकील आकड्यांवर कधी भांडतच नसत. नमुना कोणासमोर घेतला, सील कोणी लावलं, सही कुठे आहे, असं विचारून मला चीत करत. यांना असं काय दिसतं जे मला दिसत नाही, याचं कुतूहल मला गप्प बसू देईना. शेवटी नोकरी सोडली आणि त्यांच्याच बाजूला जाऊन बसले. तुम्ही तेव्हा नव्हतात, म्हणून ते सोपं गेलं.

आता मलाही ते दिसतं. मागच्या महिन्यात मी उमरेडकडच्या एका कारखान्याची बाजू मांडत होते. लोखंडावर चकचकीत मुलामा चढवतात तिथे, आणि पाणी नाल्यात सोडतात. नाल्याच्या काठच्या गावाला विहिरींवाचून दुसरं पाणी नाही. खात्याच्या अहवालात धातू मर्यादेपेक्षा जास्त आला होता. नमुना घेणारे गृहस्थ निवृत्तीला टेकलेले, तुमच्यासारखेच खिशात रुमाल घडी करून ठेवणारे. मी विचारलं, बाटली भरण्याआधी काय केलं? "विसळली ना मॅडम, तीनदा. आपली पद्धतच हाय ते," ते अभिमानानं म्हणाले. बाटलीत आधीपासून ॲसिड होतं का? त्यांनी खिशातला रुमाल काढला. मग हो म्हणाले. नमुना पद्धतीप्रमाणे घेतलेला नाही, एवढंच मी कोर्टाला सांगितलं. अहवाल बाद झाला, कारखाना सुटला. घाईत हात सवयीनं चालला असेल त्यांचा. चांगल्या माणसाचीच चूक होती ती, आणि मला तिची लाज वाटायच्या आधी आनंद झाला.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "तुम्हाले हे बाटलीचं कसं माहीत, मॅडम?"

"माझे वडील कोराडीला लॅबमध्ये होते."

"मंग त्याहीनं हेबी सांगितलं असन," ते शांतपणे म्हणाले, "का धुतल्यानं आकडा कमी येते, वाढत नाही. मी नसती धुतली तर तुमचा कारखाना आणखीनच फसला असता."

मी फाईल छातीशी धरली आणि म्हणाले, "आठवत नाही."

तेव्हापासून मला सारखं वाटतं, तुमच्यावर कधी अशी वेळ आली होती का? केंद्राची राख सोडतात त्या तळ्याच्या पाण्याचा एखादा आकडा साहेबांना नको होता, तेव्हा तुम्ही काय केलंत? रात्री जेवताना गप्प असायचात ते त्यामुळेच का? मी कधी विचारलं नाही. मुलीला बापाच्या बाटल्या दिसतात, बापाची नोकरी दिसत नाही. आणि त्या नाल्यात खरोखर किती धातू आहे, हेही मला जाणून घ्यायचं आहे. माझ्या पक्षकाराला मी ते विचारलेलं नाही. आमच्या बाजूला बसल्यावर पहिल्यांदा शिकतात ते हेच.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते कळत नाही, म्हणून त्याच कोटाच्या खिशात ठेवते आहे. तो अजूनही मोठाच होतो. आणि त्या गृहस्थांना मी खोटं सांगितलं, बाबा. मला सगळं आठवत होतं, लाल दोऱ्यासकट.