‘जनावर’ या शब्दाचा तर्जुमा

प्रति,
मेहेरबान दुय्यम तालुकदार साहेब,
मुक्काम : दौऱ्याची छावणी, मौजे करवंदवाडी, लिंबागणेशच्या दक्षिणेस.

विषय : परवा मोहनरावांच्या शेतात होणारी हुरड्याची बैठक हलविणेबाबत, आणि माझ्या वडिलांच्या मृत्यूच्या कागदांच्या मिसलीत ‘साप’ लिहिले आहे तेथे ‘वाघ’ लिहिणेबाबत.

संदर्भ : १) गतसालचा पंचनामा, १८ इस्फंदार १३३० फसली. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. त्यांपैकी एकाचे उत्तर आले. ते पुढे सांगते.

महोदय,

अर्जदार वच्छलाबाई, भ्रतार बिभीषण, राहणार नेकनूर. करवंदवाडीच्या शाळेचे शिक्षक कै. मुंजाजी गुरुजी यांची मी मुलगी. आपण या हुद्द्यावर नवे आहात, म्हणून सर्व हकीकत पहिल्यापासून लिहिते. अर्ज लांबला तर माफी असावी, मात्र परवाच्या आत तो पूर्ण वाचावा.

१. करवंदवाडीच्या वर घळ आहे व घळीच्या तोंडाशी मोहनरावांची ज्वारी. दर हिवाळ्यात कचेरीतील मंडळी तेथे हुरडा खाण्यास येतात. डोंगराच्या वाटा माझ्या वडिलांना ठाऊक, म्हणून बैठकीस त्यांना बोलावीत. गतसाली सकाळी दहाच्या सुमारास घळीच्या कडेला एक बिबळ्या दिसला. पाहुण्यांपैकी वकील सुंदरराव यांनी पाखरे मारण्याच्या छऱ्यांनी त्याच्यावर बार केला. छरे पुढच्या पायात बसले व तो ज्वारीत शिरला. वडील म्हणाले, “आता हितं बसू नये. घायाळ झालंय ते.” सुंदरराव म्हणाले, “गुरुजी, आगटी पेटली. कणसं भाजून व्हायच्या आत तुमचा बिबळ्या तिकडं परळीला पोचला असंल.” सगळे हसले. सतरंजी ज्वारीपासून बारा हातांवर अंथरली होती.

२. पुढील गोष्ट एका शब्दाची आहे. आमच्या नेकनूरकडे सापाचे नाव घेत नाहीत. त्याला ‘जनावर’ म्हणतात. घळीकडच्या वस्त्यांत वाघाचे, मग तो पट्ट्याचा असो की बिबळ्या, नाव घेत नाहीत. नाव घेतले की तो येतो असे मानतात. तेथे वाघाला ‘जनावर’ म्हणतात, आणि सापाला ‘लांबडं’. वडील जन्माने घळीकडचे, पण पुण्याची मासिके वाचीत. शब्दाने वाघ येत नाही आणि शब्दाने जातही नाही, असे ते शाळेत मुलांना सांगत. मलाही त्यांनीच वाचावयास शिकविले. परंतु दुपारी तीनला, वारा नसताना ज्वारीची कणसे हलताना त्यांनी पाहिली, तेव्हा तोंडातून लहानपणचाच शब्द निघाला. ते “जनावर, जनावर” असे ओरडले.

३. गाडीवान चाँद तेथे होता. त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत देते : “सायब लोक पायाखालीच बघायले. कुनी काठ्या आपटायले, कुनी सतरंजी झटकायले. साप सतरंजीत हाय म्हून दोघं मागं मागं सरकले, पार ज्वारीला पाठ लागस्तोर. गुरुजी पळत गेले अन् त्या दोघांला ढकलून दिलं. तेवढ्यात ते आलं.”

४. बिबळ्याने वडिलांना गळ्यास धरून खाली पाडले. उजवा हात त्यांनी मध्ये घातला होता. तो कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. पोटावर मागच्या पायांच्या नखांनी चार लांब चिरा काढल्या. त्याने त्यांना ज्वारीत अकरा पावले ओढले. ही पावले मी दुसऱ्या दिवशी स्वतः चालले. ताटे मोडलेली होती व मातीवर रक्त वाळले होते. चाँदने गाडीची उभारी उपसून त्याच्या पाठीवर तीन वेळा मारली. तिसऱ्या वेळी त्याने वडिलांना सोडले. बाकीची मंडळी तेव्हा गाड्यांत बसून निघाली होती. वडिलांनी गाडीतच लिंबागणेशच्या अलीकडे प्राण सोडला. मी पोहोचले तेव्हा ते चावडीत घोंगडीखाली होते. त्यांना अंघोळ मी घातली, म्हणून जखमा मला माहीत आहेत.

५. पंचनामा घोंगडी न उचलता झाला. “जनावराने मृत्यू” असे पटवारी राधाकिशन यांनी लिहिले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “समदे जनावर म्हणले, म्या जनावर लिव्हलं. त्यात माझं काय चुकलं, ताई?” सुंदरराव यांनी आपण तितरावर बार केला व मागून सापाचा ओरडा झाला असे लिहून दिले. कचेरीत मुनशी जमील यांनी कागदाचा उर्दू तर्जुमा केला आणि ‘मौत सांप से’ असे लिहिले. ते सज्जन गृहस्थ आहेत. मला म्हणाले, “बाई, जनम गेला इथं. जनावर म्हंजे सांपच ऐकत आलो. घळीतली बोली मला कुणी शिकवली?” त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

६. माझ्या दुसऱ्या अर्जास उत्तर आले की, मिसलीप्रमाणे त्या घळीत वाघ नाही. सबब वाघ मारण्याचा हुकूम देता येत नाही. तथापि सापांचा उपद्रव दिसतो, म्हणून डोंगरावरील गवत जाळावे व साप मारून चावडीत आणून दाखवावेत. त्याप्रमाणे कार्तिकात गवत जाळले. चावडीपुढे बेचाळीस साप ठेवले गेले. त्यांत छत्तीस धामणी होत्या. त्यानंतर उंदरांनी कणग्या फोडल्या, तो भाग वेगळा. गवत गेल्यामुळे बिबळ्याला लपण्यास घळीत जागा राहिली नाही. तो खाली ज्वारीत आला.

७. नऊ दिवसांपूर्वी साखराबाई ही विधवा त्याच ज्वारीच्या बांधावर गोवऱ्या वेचीत होती. बिबळ्याने तिला मागून धरले. डोक्याची कातडी कपाळापासून मानेपर्यंत सोलून निघाली; खांदा खाल्लेला होता. पुढचा एक पाय मातीत नीट उमटत नाही, तो लंगडतो, हे चाँदने व मी पाहिले. लंगड्या जनावराला हरीण मिळत नाही. साखराबाईच्या पंचनाम्यात काय लिहावे असा प्रश्न पडला, तेव्हा जुनी मिसल काढली गेली. तीत वाघ नसल्याचे नमूद असल्याने तिचाही मृत्यू सर्पदंशाने झाला आहे.

८. परवा त्याच शेतात, त्याच जागी, आपली बैठक आहे. बाया व लहान मुले येणार आहेत असे ऐकते. सुंदरराव येणार आहेत. वडील नाहीत. म्हणून जे ते सांगत ते मी लिहिते. बैठक घळीकडे न करता गावाजवळच्या कापलेल्या रानात करावी. उभ्या पिकाला पाठ करून कोणी बसू नये. कणसे आणण्यास कोणी एकट्याने ज्वारीत शिरू नये, आणि मुलांना तर पाठवूच नये. छऱ्यांची बंदूक आणू नये. मारावयाचे असेल तर मारण्यासारखी बंदूक व मारणारा मनुष्य वेगळा पाठवावा. जनावर दिसले तर पळू नये. पाठीला पाठ लावून, मुले मध्ये घेऊन, हळूहळू गाडीकडे यावे. सूर्य डोंगराला टेकण्याआधी उठावे. आणि कोणी “जनावर” असे ओरडले तर पायाखाली पाहू नये, समोर पाहावे.

९. मिसलीत एक शब्द बदलल्याने माझे वडील परत येणार नाहीत, हे मी जाणते. परंतु तो बदलल्याशिवाय त्या घळीत वाघ असू शकत नाही, आणि वाघ असल्याशिवाय तो मारला जाऊ शकत नाही. तरी ‘साप’ खोडून ‘वाघ’ लिहावे व मारण्याचा हुकूम व्हावा.

१०. हा अर्ज चाँद घेऊन येत आहे. उत्तर न आल्यास परवा सकाळपासून मी चाँदच्या गाडीत मोहनरावांच्या बांधावर बसेन. बाईमाणसाने साहेब लोकांच्या बैठकीत ओरडणे रीतीला धरून नाही. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. कणसे हलली तर मी ओरडेन, आणि त्याचे नाव घेऊन ओरडेन.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारी,
वच्छलाबाई
मुक्काम नेकनूर, १२ बहमन १३३१ फसली

सोबत :
१. गतसालच्या पंचनाम्याची नक्कल, उर्दू तर्जुम्यासह.
२. चाँद गाडीवान याचा जबाब, अंगठ्यासह.
३. उपरणे एक. थंडीमुळे वडिलांनी त्या दिवशी गळ्याभोवती गुंडाळले होते. धुतलेले नाही. साप चावला तर दोन भोके पडतात. कृपया मोजावीत.