मामाशिवायचा मुहूर्त

जयनगर, बेंगळुरू
२४ नोव्हेंबर २०२०

ती. गुरुमामास,

केतकीचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. तूही मास्क लावून, वेळेवर जेवून ठीक असशील असं धरून चालते.

तिकडचं, आखातातलं टपाल अजून बंद आहे, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसातल्या ईशानच्या हाती देतेय. त्याची रजा संपली, शनिवारी तो परत निघतोय. फोनवर बोलता आलं असतं, पण नेमक्या वेळी तुझा 'आवाज तुटतो' आणि विषय तिथेच राहतो.

इकडे थंडी पडलीय. आईचा गुडघा बरा आहे. ती आता स्वतः भाजीला जाते आणि 'स्वल्प कम्मी माडी', थोडं कमी करा, म्हणत भाजीवाल्याला मेटाकुटीला आणते. महांतेशचा बोम्मसंद्र्याचा पंपांचा कारखाना पुन्हा दोन्ही पाळ्यांत सुरू झालाय.

आता मुख्य गोष्ट. महांतेशचं आणि माझं लग्न येत्या अकरा डिसेंबरला, शुक्रवारी आहे. हॉल ठरला, गुरुजी ठरले, पन्नास माणसांची परवानगीही मिळाली. तुला विचारत नाहीये, कळवतेय.

मे महिन्याचा मुहूर्त आम्ही तुझ्यासाठी सोडला, जूनचाही सोडला. तेव्हा तुझी अडचण खरी होती, ती मी नाकारत नाही. पासपोर्टची मुदत एप्रिलमध्ये संपली, वकिलातीच्या दाराला कुलूप, विमानं बंद. आई रोज टीव्हीसमोर बसून आखातातून येणाऱ्या विमानांच्या यादीत तुझं गाव शोधायची. आणि ती ईमेल आठवते का? आईने सांगितली, मी इंग्रजीत लिहिली. 'आमच्यात नवरीला मामाच मांडवात आणतो, त्याच्याशिवाय मुलगी अंतरपाटापर्यंत पोचतच नाही, तरी याचा पासपोर्ट आधी करून द्यावा.' मामा म्हणजे काय हे भारत सरकारच्या वकिलातीला समजावून सांगणारी तुझी बहीण बहुधा पहिलीच असेल. चार दिवसांनी नम्र उत्तर आलं, की सध्या फक्त मृत्यू, गंभीर आजार आणि गरोदर स्त्रिया एवढ्यांचीच कामं घेतली जातात. आई म्हणाली, "या वकिलातवाल्यांपैकी कुणाच्या बहिणीला मुलगी नाही वाटतं." तेव्हा आम्ही किती हसलो होतो.

मग ईशान आला. दिवाळीच्या आधी हेब्बाळहून खास तुझी पेटी घेऊन आला. पेटीत पिवळी साडी. मामाची म्हणून नवरी नेसते ती. आईने ती डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "बघ, एवढ्या अडचणीत बिचाऱ्याने आठवण ठेवली." माझ्या मनात आलं, येणारा माणूस साडी पुढे कशाला पाठवेल?

आई चहा टाकायला आत गेली तेव्हा ईशान मला मोबाइलवरचे फोटो दाखवत होता. त्यात एक वकिलातीच्या फाटकाबाहेरचा होता. तुम्ही दोघं, मास्क हनुवटीवर, हातात कोरे करकरीत पासपोर्ट. "ताई, सप्टेंबरमध्ये अपॉइंटमेंट सुरू झाल्या. मी आणि गुरू सर एकाच रांगेत होतो," तो कौतुकाने सांगत होता. त्याच्यावर रागावू नकोस. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

त्या फोटोनंतरही तू दोनदा आईला म्हणालास, "ताई, वकिलातीतून काही हालचाल नाही गं. थांबा माझ्यासाठी." दोन्ही वेळा मी शेजारी बसून ऐकत होते.

तुला महांतेश नको आहे, एवढंच आहे ना? जानेवारीत मी तुला सांगितलं तेव्हा तू आधी विचारलंस, "आडनाव काय म्हणालीस?" मग म्हणालास, "चांगलं आहे." त्याच वेळी नको म्हणाला असतास तर मी तुझ्याशी भांडले असते. बाबा गेल्यापासून या घरात तुला विचारल्याशिवाय पंखासुद्धा घेतला नाही. तुझ्याशी भांडायचा हक्क मला होता, तो तू मिळू दिला नाहीस. नकार तू दिलास, पण आम्ही सहा महिने शिव्या वकिलातीला घातल्या. मला याचा राग आलाय, मामा, आणि तो लग्नापर्यंत निवळेल असं वाटत नाही.

साडी मी नेसणार आहे. तुझी म्हणून नाही, आईने डोळ्यांना लावली म्हणून.

परवा महांतेशची आई, यल्लव्वा, निपाणीहून आली. आपल्या आईने पुन्हा तेच काढलं, की मामा अडकलाय, मुलीला मांडवात आणणार कोण, आणखी थोडं थांबू या. मी म्हटलं, "तू आण."

"मी? अगं, मी अशी. आणि मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईने बघायचंसुद्धा नसतं. तुळशीला पाणी घालत बसायचं असतं."

यल्लव्वा ताटातल्या अवरेच्या, आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अक्का, तुमीच आणा की. पोरीला नऊ म्हैने घेऊन कोण हिंडलं? मामा हिंडला व्हय?"

आई आधी लाजली, मग हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. रात्री तिने कपाटातून बाबांनी घेतलेली मोरपंखी पैठणी काढली आणि मला विचारलं, "ही चालेल का गं मला?" सहा वर्षांत तिने ती उघडलीही नव्हती. मी म्हटलं, चालेल नाही, हीच.

तिला मी फोटोचं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, कारण ते माझं काम नाही. दहा तारखेला संध्याकाळी मेंदी झाल्यावर ती तुला फोन करेल. तेव्हा वकिलातीचं नाव काढायचं नाही. आवाजही तुटू द्यायचा नाही. 'मला येता आलं असतं ताई, मी आलो नाही,' असं तिला सरळ सांग. ती रडेल. मी तिच्याजवळ असेन. सकाळी ती तोंड धुऊन पैठणी नेसेल आणि माझा हात धरेल, एवढी मी तिला ओळखते.

विमानं आता सुरू आहेत. वाटलं तर ये. तुझ्या हातात अक्षता देऊ, पहिल्या पंगतीला बसवू, महांतेश पायाही पडेल. पण मला मांडवात आणायचं काम आता आईचं आहे. तू दारात येऊन उभा राहिलास तरी ते तुला परत मिळणार नाही.

रागावलेली, तरीही तुझीच,
केतकी