दोन अंगठे कमी कर

बोईसर
मंगळवार, दुपार

प्रिय ज्ञानू,

काल दुपारी सगळ्यांत आधी आली ती रत्नाबाई. पाहुणे तिच्या मागून. तुला ठाऊकच आहे, आपल्या चाळीत कुणाकडे मांजर व्यालं तरी पहिल्यांदा तिला कळतं. मी तांदूळ निवडत बसले होते, तर दारातूनच ओरडली, आजी, तुमच्याकडं पावने आलेत, पाठीवर ही मोठी गाठोडी, पलून लगीन करून आलेत का काय बगा. मी म्हणलं, पळून येणारी माणसं माझ्याकडे कशाला येतील, मी काय भटजी आहे? तेवढ्यात ती दोघं दारात उभी. एकाच्या डोक्यावर केसांचा अंबाडा, एकीचे केस कानाच्या वर कापलेले. रत्नाबाई माझ्या कानात म्हणते, यातला पोरगा कंचा? अंबाडेवाला म्हणाला, मी दिपेश, ही तेजल, ज्ञानेश्वरीच्या वर्गातले, पुण्याहून आलोय. नागोराव आबांचं घर हेच ना?

मला बाई काय करू न् काय नको असं झालं. चार वर्षं तू दिपेशनं असं केलं, तेजल अशी म्हणाली सांगत होतीस, ती माणसं माझ्या चटईवर बसलेली! तेजलची मावशी इकडे जवळच्याच माहीम गावी असते म्हणे, तिच्या वाडीतले ताडगोळे आणले होते पिशवीभर. मी सोलायला बसले आणि त्यांना आमचा जुना किस्सा सांगितला. बीडहून मी नवी नवी आले तेव्हा आपल्या गावाकडे कुणी ताडगोळा पाहिलेला नव्हता. तुझ्या आबांनी आणले, मला वाटलं भाजी, मी लसूण घालून फोडणीला टाकले. आबांनी मुकाट खाल्ले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या पाळीत सांगून आले. पुढे वर्षभर कंपनीतले लोक मला ताडगोळे वहिनी म्हणायचे. दिपेश इतका हसला की त्याचा अंबाडा सुटला.

मग त्यांनी तो लॅपटॉप उघडला. तुझा गेम मी आजवर फोनवर तुकड्या तुकड्यानं पाहिला होता, चालताना पहिल्यांदाच पाहिला. ज्ञानू, आपली चाळ गं! पाण्याची टाकी, रत्नाबाईची मासळी वाळवायची दोरी, मोरीपाशी फुटलेली फरशी. ती फरशी तुझ्या बापानं फोडली होती, क्रिकेट खेळताना. तुला हे कुणी सांगितलं? माझ्या हातात ते दोन कानांचं खेळणं दिलं आणि म्हणाले, आजी, चालवा. ती परकरातली पोरगी, म्हणजे तूच ना, मी तिला चालवायला गेले तर भिंतीवर डोकं आपटत बसली. मग गटारात गेली. तेजल म्हणाली, आजी, उजवा अंगठा. मी म्हणलं, माझा उजवा अंगठा जन्मभर भाकरी थापण्यात गेला, त्याला एकदम एवढी हुशारी कुठून येणार?

पण गेले मी शेवटपर्यंत. पोरगी कंपनीच्या फाटकापाशी पोचते, पाळी सुटते, माणसांचा लोंढा येतो. तू चेहरे काढलेले नाहीस, सगळी पाठमोरी नाहीतर सावलीतली, तरी मी ओळखलं. डावा खांदा उतरलेला. डब्याची पिशवी त्याच खांद्याला अडकवून अडकवून तो उतरला होता, हे मला न् तुलाच माहीत. ते वळतात आणि हात पुढे करतात. निळा हात. दिपेश म्हणाला, आता हे बटण दाबा म्हणजे ती हात धरेल. दाबलं. धरला. बोट उचललं की सुटतो. मी बोट उचललंच नाही. ते दोघं चालतच राहिले, टाकीला वळसा, पुन्हा टाकीला वळसा. चहा आटला, रत्नाबाईनं येऊन गॅस बंद केला. दिपेश म्हणाला, आजी, पुढेही आहे. मी म्हणलं, असू दे.

मग त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला. म्हणाला, आबांच्या हातांचे फोटो हवेत. बोटं, नखं, तळव्याच्या रेघा, दहा बाजूंनी. ज्ञानेश्वरीनं आठवणीवरून हात काढलाय, पण वीस तारखेला परीक्षक तोच बघणार, सगळा खेळ त्या हातावर उभा आहे. आबा कुठे आहेत?

आता तुझ्या आबांच्या हाताचं काय सांगू. रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं. तू लहानपणी मोरीच्या कठड्यावर बसून वाट बघायचीस, आज कोणता? हातावर पाणी ओतलं की खाली रंग उतरायचा. निळा असला की तू टाळ्या वाजवायचीस, लाल आला की रडायचीस, तुला वाटायचं आबांना लागलं. त्यांचे कपडे मी वेगळे धुवायची तरी तुझी झबली गुलाबी व्हायची. एकदा भाकरीवर पाच बोटं उमटली निळी, तर तू ती भाकरी खाऊ दिली नाहीस, वहीत ठेवायची म्हणालीस. दोन दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा सोडलीस. तुझी शाळा तिथेच सुरू झाली बघ, पुण्यात नव्हे. रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत हात स्वच्छ निघाले, तर ते आपलेच हात उलटेपालटे करून बघायचे, म्हणायचे, सोजरा, हे कुणाचे दिलेस मला?

तर दिपेशला मी काय उत्तर दिलं? म्हणलं, आबा गावाला गेलेत, बीडकडे, तिकडे बोलण्याइतकी रेंज नसते. तुला गेले दोन आठवडे हेच सांगतोय ना, तेच पाठ झालेलं. तोंडातून सहज निघालं. दिपेशनं मान हलवली. पण तेजल माझ्या कपाळाकडे बघत होती.

तुझा तो चेहरा दिसणारा फोन संध्याकाळी सातला येतो. त्याच्या आधी मी आरशापुढे उभी राहायची आणि कुंकू लावायची. फोन झाला की पदरानं पुसायची. हातात दोन बांगड्याही चढवायची, तुझ्या आईच्या. रत्नाबाईनं एकदा पाहिलं, म्हणाली, आजी, ह्ये बरं नाय. मी म्हणलं, देवाला मी समजावते, तू गप्प बैस. पण ही पोरं आली भर दुपारी, न सांगता. कपाळ तसंच होतं. पाहुण्यांना पाणी द्यायचं सुचलं, ताडगोळे सोलायचं सुचलं, कपाळाचं सुचलं नाही. तेजल उठली, माझ्या पायाला हात लावला, आणि निघेपर्यंत आबांचं नाव काढलं नाही. दिपेशनं कॅमेरा पिशवीत ठेवला.

आज अठरा दिवस झाले, ज्ञानू.

शुक्रवार होता. दुपारी जेवले, शेपूची भाजी होती, मीठ कमी आहे म्हणाले. चटईवर आडवे झाले. चार वाजता चहा घेऊन गेले तर फोन छातीवर तसाच होता आणि चेहरा असा, जसा पहिली पाळी करून आल्यावर झोपायचे. त्रास काही झाला नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. तुझा बाप भिंतीला डोकं लावून रडला आणि पहिलं वाक्य बोलला ते हेच, ज्ञानूला कळवू नका. चार वर्षांची मेहनत आहे, वीस तारीख होऊ दे. तुझी आई नको नको म्हणत होती. मला विचारलं. मी हो म्हणाले. मीच म्हणाले.

आणि मला माहीत होतं गं हे काय असतं. तुझा बाप कैलास जन्मला आणि आठव्या दिवशी माझा बाप गेला. बाळंतीण आहे, दूध आटेल, म्हणून सव्वा महिना मला कुणी सांगितलं नाही. सगळी माझ्याशी हसून बोलायची. सव्वा महिन्यानं बाळ घेऊन माहेरी गेले तर अंगणात बापाची खाट उभी करून ठेवलेली. तशी खाट कधी उभी करतात हे मला कळत होतं. बापाला आम्ही दादा म्हणायचो. मी आईला विचारलं, दादा कुठंय, आणि विचारता विचारताच समजलं. त्या दिवशी मी ठरवलं होतं, आपल्या घरात असं कुणाला करायचं नाही. बेचाळीस वर्षांनी तेच केलं, तुला केलं. चांगल्यासाठीच केलं, त्यांनीही चांगल्यासाठीच केलं होतं. बापावर रागावू नकोस. त्यानं तेराव्याच्या दिवशी तुझ्या नावाचं पान वेगळं वाढायला लावलं होतं. या पत्राचं त्याला अजून सांगितलेलं नाही, रात्रपाळीहून येऊन झोपलाय.

पोरं निघाली तेव्हा तेजल चपला घालता घालता थांबली. म्हणाली, आजी, खरं सांगते, फोटोचं निमित्त होतं. ज्ञानूनंच पाठवलंय. तिनं एवढंच सांगितलं, आबा घरात आहेत का बघून ये. तिला विचारायला धीर होत नाही. मी म्हणलं, तिला संशय कशानं आला? तर म्हणाली, अंगठ्यांनी.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून कळलेलं आहे. आणि तू रोज संध्याकाळी सातला माझ्याशी हसून बोलत होतीस, मी तुझ्याशी. मी कुंकू लावून, आणि तू काय लावून गं माझ्या बाई?

तर हे पत्र त्या अंगठ्यांसाठी आहे. फोनवर मी खोटं बोलले, म्हणून फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं. तिसरीपर्यंतची शाळा माझी, सकाळपासून लिहितेय, तुझ्याच जुन्या चित्रकलेच्या वहीचं कोरं पान आहे, मागे तू काढलेली बकरी आहे. तू रोज चित्र पाठवायचीस आणि आबा फोनवर अंगठे द्यायचे. एक, दोन, फार तर चार. पाच कधी नाही. मी म्हणायची, पोरीला द्या की पाच, काय पदरचे जातात? ते म्हणायचे, कंपनीत माल पास करताना असं केलं असतं तर घरी पाठवलं असतं मला. त्या शुक्रवारी सकाळी हाताचं चित्र आलं. ते अकरापासून बघत बसले. तू रविवारी विचारलंस, आबा, अंगठा का नाही? मी त्यांचा फोन घेतला. आधी एकच दाबला. मग वाटलं, आता कशाला हात आखडता, आणि पाच दाबले. त्यानंतरचे सगळे पाच पाच माझे आहेत. त्यांचे खरे अंगठे तुझ्यापर्यंत पोचलेच नाहीत, ते मी सांगते. जेवताना मला म्हणाले होते, तीन. चहा झाला की पाठवतो. हात झकास काढलाय, पण निळा चुकलाय. तिनं मला मोरीवरच पाहिलंय, म्हणून ओल्या हाताचा निळा कोरड्या हाताला दिलाय. वाळला की तो नखाच्या मुळाशी जांभळा होतो आणि रेघांत काळा बसतो. फाटकाबाहेर येतो तेव्हा हात कोरडा असतो, तिला सांग. एवढं सांगायचं राहिलं होतं, ज्ञानू. दोन अंगठे कमी कर आणि निळा दुरुस्त कर. वीस तारीख आधी का घर आधी, ते तुझं तू ठरव. या वेळी तुझ्या वाटचं आम्ही कुणी ठरवणार नाही. आलीस तर कपाळ आहे तसंच दिसेल, घाबरू नकोस. पोरं आता माहीमला मावशीकडे गेलीत. तेजल म्हणाली, तोवर ज्ञानूचा फोन आला तर मी उचलणार नाही, पत्र तिच्या हातात देईन आणि शेजारी बसेन. गुरुवारी सकाळी पत्र न्यायला येतो म्हणालेत दोघंही.

तुझीच,
सोजराआजी