आधी गेम, मग देवपूर

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ७.
गेम अडकतोय. गाड्यांच्या शर्यतीचा. ऐन वळणावर अर्धा सेकंद चित्र थांबतं आणि गाडी थेट कठड्यात. काल दसऱ्याचं सोनं वाटून आल्यावर सुरू केला, तेव्हापासून हेच. परवा खंडेनवमीला कॉम्प्युटरची साग्रसंगीत पूजा केली होती. लोक पान्या-कोयत्याला कुंकू लावून मोकळे होतात. मी कॅबिनेटच्या जाळीला झेंडूचा भरगच्च हार घातला, आईने मूठभर अक्षता टाकल्या. एवढं करून ही वागणूक!
संकल्प: रविवारपर्यंत मूळ शोधणे. पद्धत: एका वेळी एकच बदल.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपार.
ड्रायव्हर काढून परत टाकला. फरक नाही. विंडोज अपडेट केलं. फरक नाही, वर मराठी कीबोर्ड गायब. नूतन म्हणाली, अहो, एकदा उघडून बघा ना आत काय झालंय ते. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी बायकोला सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर यातला फरक कळत नाही. तिचं बीएड झालंय, म्हणून मी विषय सोडून दिला.

९ ऑक्टोबर.
स्क्रीनच्या कोपऱ्यात मीटर लावला. चित्राच्या फ्रेम सेकंदाला साठवरून अकरावर पडतात. ग्राफिक्स कार्डाचं तापमान एक्क्याण्णव. ऑक्टोबरात जळगावचा माणूसही तापतो. नॉर्मल. पुढे गेलो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.
नूतनला धुळ्यातल्या देवपूरच्या शाळेचं पत्र आलं. कायम जागा. दिवाळीची सुट्टी संपली की १० नोव्हेंबरला हजर व्हायचं. तिचं माहेरही देवपूरलाच. म्हणाली, रोज जळगाव-धुळे जमणार नाही, पण तुमच्या पाईप कंपनीचा डेपो आहे ना धुळ्याला, बदली मागून बघा, आईंना घेऊन सगळेच जाऊ. आणि तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, मी पत्र परत करते.
विचार करून सांगतो म्हणालो. सध्या व्होल्टेज तपासतोय.

१९ ऑक्टोबर, रविवार.
स्टॅबिलायझर आणला. फरक नाही. फराळाचा वास घरभर. नूतनने चकली खाता खाता विचारलं, काही ठरलं का? म्हणालो, कारण व्होल्टेज नाहीये, एवढं नक्की झालं.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज.
नूतनला धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण म्हणा. नऊ तारखेपर्यंत घ्यायला आलात तर येते मी, नोकरी नको मला. नाही आलात तर दहाला हजर होते. मी मान हलवली. ऐकलं, या अर्थाने. बस गेली.
घरी येऊन रॅमच्या दोन्ही पट्ट्यांवर एक व्हिडिओ पाहिला. माहितीपूर्ण होता.

२७ ऑक्टोबर.
एवढा मोठा प्रश्न, त्याला शांत डोकं लागतं. गेम अडकत असताना डोकं शांत राहणार कसं? म्हणून क्रम ठरवून टाकला. आधी गेम, मग देवपूर. वेळ आहे. तेरा दिवस म्हणजे थोडे नाहीत.

३० ऑक्टोबर.
फोरमवर इंग्रजीत सविस्तर प्रश्न टाकला. सात मुद्दे, दोन आलेख. पहिलं उत्तर: धूळ साफ केलीत का? असल्या लोकांमुळेच फोरमचा दर्जा घसरलाय. त्याला ब्लॉक केलं.

२ नोव्हेंबर, रविवार. सायंकाळ.
निष्कर्ष निघाला. कार्ड म्हातारं झालंय. नवीन घेणे. बारा व्हिडिओ पाहिले, तक्ता केला. आठ जीबी की बारा जीबी, यावर दुपारभर विचार. बारा. पाच वर्षांचा विचार करावा लागतो. ऑर्डर दिली, शनिवारी येईल.
आईने विचारलं, नूतनला फोन केलास का? म्हणालो, मोठे निर्णय घाईत होत नसतात. आई म्हणाली, त्या डब्याचा बरा झाला. वांगी भाजायला निघून गेली.

५ नोव्हेंबर.
नूतनचाच फोन आला. बारा जीबीचं सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं तिने, त्यामुळे बरं वाटलं. मग म्हणाली, आणि आपलं? मी म्हणालो, कार्ड आठला येतंय, नऊला रविवारच आहे, निघतोच. ती म्हणाली, बरं.
फोन ठेवल्यावर काहीच वाटलं नाही. गेल्या कित्येक दिवसांत कशाचंच काही वाटत नाही. चांगलं आहे. निर्णय भावनेच्या भरात घ्यायचे नसतात.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४.
कार्ड आलं. बसवायला शालिग्रामभाऊंना बोलावलं. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर करतात. साठीचा माणूस. मी त्यांना सात मुद्दे सांगायला बसलो, त्यांनी तोवर चार स्क्रू काढले. झाकण बाजूला ठेवलं आणि आईला हाक मारली, अक्का, जरा सुपडी आणा.
आतून वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. सुपडीभर. पंख्याच्या पात्यांत कुंकू लावलेल्या अक्षता. हाराचा दोरा आत ओढला जाऊन जुन्या कार्डाच्या पंख्याला असा गुंडाळला होता की पंखा जागचा हलत नव्हता. शालिग्रामभाऊ म्हणाले, भूपेंद्र, याचा श्वासच कोंडला होता रे, महिनाभर तरी. हार दुसऱ्या दिवशी उतरवायचा असतो, असंही म्हणाले.
मी म्हणालो, हा मुद्दा माझ्या यादीत आठवा होता. आई सुपडी घेऊन उभी होती. तिचे खांदे हलत होते.
भाऊंनी पंखा पुसून जुनंच कार्ड लावून दाखवलं. गेम लोण्यासारखा चालला. तापमान चौसष्ट. भाऊंनी चहा घेतला, नवीन कार्डाच्या खोक्याकडे बघितलं आणि गेले.
चला, एक विषय संपला. उद्या देवपूर.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.
नवीन कार्ड आलंच आहे तर लावून बघायला हवं. नाहीतर जुनं चांगलं की नवीन, हे कळणार कसं? तासाभराचं काम. अकराची बस.

दुपारी १.
तीन गेम झाले, दोन राहिले. अर्धवट चाचणीला अर्थ नसतो. तीनची बस.

सायंकाळी ६.
दोन्ही कार्डांत डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. तक्ता पूर्ण. आईने कळण्याची भाकरी आणि भरीत ताटात वाढून ठेवलं आणि निघून गेली. शेवटची बस साडेसातची आहे. पण रात्री-अपरात्री सासरच्यांचं दार वाजवणं बरं दिसत नाही. सकाळी पहिल्या बसने.

१० नोव्हेंबर, सोमवार.
ऑफिसात डिस्पॅचचा गोंधळ, सुट्टी मिळाली नाही. खरं तर मागितली नाही. अकरा वाजता नूतनचा मेसेज आला: हजर झाले. मी अंगठा पाठवला.

१३ नोव्हेंबर.
गेम उत्तम चालतोय. एकदाही अडकला नाही. वीस मिनिटं खेळलो, बंद केला.

१६ नोव्हेंबर, रविवार. रात्री ९.
देवपूरला जाऊन आलो.
सासऱ्यांनी, भाईदासआबांनी, दारातच हसून म्हटलं, या पाव्हणा, बठ्ठं बरं शे ना? सगळं बरं ना, जणू काही झालंच नाही, असं. जावयाला करतात तसं सगळं केलं. पाट, शेवभाजी, वर आग्रह. तक्रार केली असती तर बरं झालं असतं. काय बोलायचं, ते मी बसमध्ये तयार करून गेलो होतो.
नूतन ओसरीत मुलांच्या वह्या तपासत होती. लाल पेन. मी समोर बसलो. तिने विचारलं, गेम चालतोय का? म्हणालो, चालतोय, जुनं कार्डही चांगलं निघालं. ती म्हणाली, बरं झालं.
मग वही मिटून म्हणाली, नऊ तारखेला मी सकाळपासून बॅग भरून बसले होते. प्रत्येक बसच्या वेळेला आबा कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून यायचे. तुम्ही येऊन, नाही, करू नको नोकरी, असं म्हणाला असतात तरी आले असते. भांडले असते, पण आले असते. शेवटच्या बसचीही वेळ टळली तेव्हा बॅग रिकामी केली. आणि खरं सांगू, मग मला छान झोप लागली.
मी विचारलं, आता? ती म्हणाली, आता मला पन्नास पोरांची नावं पाठ करायची आहेत. चिडून नाही म्हणाली.
मी डेपोतल्या बदलीचं विचारणार होतो. तोंड उघडलं आणि दोन्ही कार्डांचे आकडे सांगितले. तिने पुढची वही ओढली.
आबा बसस्टँडपर्यंत सोडायला आले. बस पारोळ्याच्या पुढे आली तेव्हा रडू आलं. खिडकीकडे तोंड केलं. कंडक्टरने सुट्टे मागितले, दिले.
घरी आल्यावर आईने विचारलं, काय ठरलं? म्हणालो, तिने ठरवलं.
मला ती घरी हवी होती. पहिल्या दिवसापासून हवी होती. हे तिला सांगायचं होतं, इथे लिहून काय फायदा.